समुद्रातल्या मंडळींचा सिनेमा काढायचाय, नागपुरातून (भांडवल: एक भाची, वय ७)

सीताबर्डीकर | रविवार, रात्री १०:१५

परवा भाचीला घेऊन एका मैदानावरच्या 'समुद्राच्या तळाशी' अशा प्रदर्शनाला गेलो होतो. मैदान कोणतं, चालवणारे कोण हे विचारू नका, पैसे काही परत मिळणार नाहीत. बाहेर पारा पंचेचाळीसवर. आत काचेसारख्या प्लास्टिकचा बोगदा, दोन कूलर आणि खसाचा वास. समुद्राच्या तळाला खसाचा वास येतो ही माहिती मला नवीन होती.

बोगद्यात डोक्यावरून एक शार्क गेला. भाचीने त्याला सलाम ठोकला, अगदी शाळेतल्या परेडसारखा. पुढे जलपरी. जलपरीच्या शेपटीला मागून चेन होती आणि ती अर्धी उघडी. आमची भाची सात वर्षांची, स्वभाव सरकारी वकिलाचा. तिथल्या माणसाला म्हणाली, "ही सारखी श्वास घ्यायले वर कायले जाते? मासा हाय नं?" तो शांतपणे म्हणाला, "बेटा, अर्धीच मासा आहे." उत्तरात खोट काढता येईना.

खरी अडचण झाली बाहेरच्या दुकानावर. किचेन, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, कंपासपेट्या, आणि सगळ्यांवर तेच तिघं: डॉल्फिन, नारिंगी पट्ट्यांचा मासा आणि डोळे चिकटवलेला तारामासा. हिला हवा होता ऑक्टोपस. दुकानदार म्हणाला, "तो खपत नाही." घरी येताना स्कूटरवर मागून आवाज: "मामा, आठ हात असून खपत नाही?"

रात्रभर झोप नाही. (लाइटही गेली होती, पण ते सोडा.) शेवटी उठून योजना लिहून काढली. कंपनीचं नाव 'खारं पाणी करमणूक'. कार्यालय नागपूर, समुद्रसपाटीपासून ३१० मीटर उंच. समुद्र सातशे किलोमीटरवर, त्यामुळे कलाकार मानधनासाठी दारात येऊन बसणार नाहीत. सिनेमा, मालिका, डबे, दप्तरं, वाढदिवसाचे फुगे, सगळं एकाच मालाचं. डॉल्फिनची मक्तेदारी मोडायची.

हिरो अर्थातच ऑक्टोपस. त्याला हृदयं तीन. एक आईला, एक प्रेयसीला, एक देशाला, म्हणजे पटकथेतलं निम्मं भांडण आधीच मिटलं. रक्त निळं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं असतं. मारामारीत लाल रंग दिसणार नाही, सेन्सॉर खूश. आणि पोहायला लागला की त्याचं मुख्य हृदय थांबतं, म्हणून गडी शक्यतो पळत नाही, तळावरून चालत जातो. स्लो मोशन फुकट.

सूचना येऊ द्या. कलाकार सुचवा, कथा सुचवा. पैसे सोडून काहीही मागा.

तर्रीदार | रात्री १०:४०

भाऊ, विदर्भाले आयपीएलची टीम भेटली नाई अजून. २०१० मध्ये जामठ्याले हैदराबादवाल्यांच्या मॅची झाल्या तं आपण त्यालेच आपली टीम समजून टाळ्या पिटल्या. अन् तुम्ही डायरेक्ट समुद्र आणून राहिले?

आपल्या इथं फ्रँचायझी म्हणजे चहाची, नाई तं पोह्याची. डिपॉझिट भरा, बोर्ड लावा, तर्रीचं वाटण हेड ऑफिसातून येते. तुमच्या ऑक्टोपसचं वाटण कुठून येणार तेवढं सांगा.

बाईंचा_वर्ग | रात्री ११:०५

एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, म्हणून राहवत नाही. सीताबर्डीकर, तो शार्क कसा दिसत होता? रंग, लांबी, तोंड?

सीताबर्डीकर | रात्री ११:११

राखाडी, चकचकीत, दोन-अडीच फूट. सारखा येरझाऱ्या घालत होता, परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरसारखा. तोंडाजवळ बारीक मिशा.

बाईंचा_वर्ग | रात्री ११:२०

मिशा म्हटलंत तिथेच कळलं. तो पंगस. मेकाँग नदीतला, गोड्या पाण्यातला मार्जारमीन. मत्स्यालयाच्या दुकानात त्याला 'शार्क' म्हणून विकतात आणि हॉटेलात त्याच माशाचे काप 'बासा' म्हणून वाढतात. बोगद्यात तोंड लांब मगरीसारखं असलेला एखादा मासा होता का? तो गार, अमेरिकेतल्या नद्यांतला. आणि लाल खवल्यांचा अजस्र मासा असेल तर अरापाइमा, तो ॲमेझॉनचा. थोडक्यात, 'समुद्राच्या तळाशी' समुद्रातलं कोणीच नव्हतं. खाऱ्या पाण्याची एवढी मोठी टाकी मैदानावर महिनाभर सांभाळायची म्हणजे मीठ, गाळण्या आणि थंडावा यांतच त्यांचं दिवाळं निघेल.

सीताबर्डीकर | रात्री ११:२४

बाई, गुरुवारी हिच्या वाढदिवसाला आम्ही बासाचेच फिंगर खाल्ले. शुक्रवारी हिने त्याला सलाम केला. हे तिला सांगायचं की नाही?

मालवणी_कुर्ली | रात्री ११:३८

सांगू नकोस रे बाबा. एक नट, दोन नावं, सकाळी हिरो नि रात्री ताटात, हे इंडस्ट्रीत चालायचंच. पण हसून हसून पोट दुखलं. आमच्याकडे शार्कला मोरी म्हणतात, आणि तिला सलाम करत नाहीत, खोबरं भाजून वाटप लावतात.

मी मूळचा मालवणचा, नोकरीनिमित्त तीन वर्षं वाडीला. म्हणजे नागपूरच्या वाडीला, सावंतवाडीला नव्हे. बदलीचा कागद आला तेव्हा आईने आधी गैरसमजाने पेढे वाटले होते.

हिशेबनीस | सोमवार, सकाळी ७:५०

भावना बाजूला ठेवा. फ्रँचायझीत पैसा पहिल्या भागात नसतो, दुसऱ्या-तिसऱ्यात असतो. ऑक्टोपस दुसऱ्या भागाला उपलब्ध आहे का?

बाईंचा_वर्ग | सकाळी ८:३०

नाही. बहुतेक जातींचं आयुष्य वर्ष-दोन वर्षांचं. मादी अंडी घातली की खाणं सोडते, अंड्यांवर पाणी मारत राहते, त्यांना स्वच्छ ठेवते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत संपते. नर त्याच्याही आधी जातो. म्हणजे पहिल्या भागाच्या शेवटी आईबाप दोघंही गेलेले आणि दुसऱ्या भागात हजारो मुलं, एकालाही आईचं तोंड माहीत नाही.

कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे कॅन्यनमध्ये १,४०० मीटर खोलीवर संशोधकांना एक मादी खडकाला धरून अंड्यांवर बसलेली दिसली. २००७ ते २०११ या काळात ते पुन्हा पुन्हा यंत्र खाली पाठवून बघत राहिले. ती तिथेच. कातडी फिकी पडत गेली, डोळे गढुळले, समोरून खेकडे-कोळंब्या फिरताहेत आणि ही कधी खाताना दिसली नाही. ५३ महिने. नंतर एकदा गेले तर रिकामी कवचं तेवढी खडकाला चिकटलेली. कोणत्याही प्राण्याने अंडी इतका काळ सांभाळल्याची दुसरी नोंद नाही.

तर्रीदार | सकाळी ८:४४

बाई, सकाळी सकाळी रडवता काय. पोह्याचा घास हातात राहिला नं.

हिशेबनीस | सकाळी ९:०२

दुःख समजतो. पण मग 'रीबूट' तरी करता येईल असं कोणी आहे?

बाईंचा_वर्ग | सकाळी ९:३०

आहे, पण पडद्यावर दिसणार नाही. टरिटॉप्सिस डोहर्नी नावाचा जेलीफिश. करंगळीच्या नखाहूनही लहान. इजा झाली किंवा उपासमार झाली की प्रौढ अवस्थेतून उलट फिरतो, तळाला चिकटतो आणि पुन्हा बाल्यावस्थेतला पॉलिप होतो. तिथून परत तरुण. कितीही वेळा. त्याला 'अमर' म्हणतात, पण कोणी गिळला तर मरतोच.

सीताबर्डीकर | सकाळी ९:४१

हा आमच्या इथला नगरसेवकाचा उमेदवार आहे. पडला की पुन्हा युवा नेता.

मालवणी_कुर्ली | सकाळी ११:१५

जेलीफिशला आमच्याकडे झार म्हणतात. जाळ्यात भरले की रापण फुकट जाते आणि हातांची आग होते ती वेगळीच.

पण मालिकेसाठी माझ्याकडे कौटुंबिक विषय आहे. खोल समुद्रातला अँगलर मासा. डोक्यावर काठी, काठीला दिवा, एवढा मोठा जबडा, ती बाई. नवरा तिच्यापुढे अगदी किडकिडीत. अंधारात वास काढत येतो, तिच्या पोटाला चावतो आणि सोडतच नाही. हळूहळू कातडीला कातडी जुळते, रक्तवाहिन्या एक होतात, त्याचे डोळे जातात, बरेच अवयव जातात, आणि तो तिच्या अंगावरचा एक लोंबता भाग होऊन राहतो. जेवणखाण तिच्या रक्तातून. कामाला उरतात ती फक्त वृषणं. मालिकेचं नाव 'घरजावई'. हजार भाग सहज.

बाईंचा_वर्ग | सकाळी ११:४०

सगळ्या अँगलरांमध्ये असं होत नाही, काही कुळांतच. आणि काही माद्यांच्या अंगावर एकाहून जास्त नवरे सापडलेले आहेत.

तर्रीदार | सकाळी ११:४४

एकाच घरात दोन घरजावई! सासरा कुठून आणावा बाप्पा एवढा पैशेवाला.

गंभीर_वाचक | दुपारी १:१०

विदर्भात पाण्याचा प्रश्न, कापसाचा भाव, बेरोजगारी हे विषय असताना असले पांचट धागे? संपादक मंडळाने लक्ष द्यावं.

सीताबर्डीकर | दुपारी १:१८

लक्ष द्यावं, जरूर. तोवर आपण खलनायक ठरवू. गंभीर_वाचक यांना विचारून घेतो, आपल्याला वेळ आहे का?

गंभीर_वाचक | दुपारी १:५५

पिस्तूल कोळंबी घ्या. (मी मत्स्यविज्ञान घेऊन पदवी केली आहे. त्याचा इथे उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.) बोटाएवढी. एक पंजा दुसऱ्याच्या कितीतरी पट मोठा. तो ती इतक्या झटक्यात मिटते की पाण्याची चिळकांडी सुटते आणि तिच्या मागे बुडबुडा तयार होतो. आवाज होतो तो पंजा आपटण्याचा नाही, बुडबुडा आत कोसळण्याचा. समोरचा लहान मासा तिथेच सुन्न. त्या क्षणी बुडबुड्याच्या आतलं तापमान सुमारे ४,७०० अंश सेल्सियसला पोचतं.

तर्रीदार | दुपारी २:०१

नागपूरचा मे ४७. हिचा ४,७००. म्हणजे शंभर मे एका चुटकीत. खलनायिका फायनल. वेलकम टू द धागा, गंभीरभाऊ.

हिशेबनीस | दुपारी ३:२०

संगीताचे हक्क कोणाकडे? आजकाल सिनेमापेक्षा गाणी जास्त कमावतात.

बाईंचा_वर्ग | सायंकाळी ५:००

हंपबॅक देवमासे. गातात ते नर. एका भागातले सगळे नर साधारण एकच गाणं गातात आणि ते गाणं हळूहळू बदलत जातं. मधेच कुठून तरी नवीन गाणं येतं आणि सगळे जुनं टाकून देतात. दक्षिण पॅसिफिकमध्ये ही साथ ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याकडून पूर्वेला फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत सरकत जाते, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक आणखी वेगळे. बाकीचे थंडीत एकीकडे, उन्हाळ्यात दुसरीकडे जातात, हे बारा महिने इथेच. संख्या अगदी थोडी उरली आहे.

हिशेबनीस, त्यांचं एक रेकॉर्डिंग मात्र कधीच बाहेर गेलं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर देवमाशांचं गाणं आहे. आणि त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी. बाईंना मैफलीत कोणाची लुडबुड खपत नसे म्हणतात. आता अंतराळात शेजारी देवमासा.

मालवणी_कुर्ली | सायंकाळी ५:२५

केरीच्या केसरबाई! आमच्या शेजारच्या गोव्याच्या. एक कोंकणी माणूस म्हणून मी देवमाशाचं मानधन सोडायला तयार आहे.

सीताबर्डीकर | रात्री ९:३०

आजची प्रगती. भाचीला सगळं वाचून दाखवलं (घरजावई सोडून). तिचे निर्णय:
खलनायिका मंजूर. अमर जेलीफिश नामंजूर, "तो हरला की परत लहान होते, म्हणजे चीटिंग." हिरोची आई मरते हे ऐकून पाच मिनिटं गप्प. मग विचारलं, "तिला पाणी तं प्यायला भेटत होतं नं?" मी म्हटलं, हो, पाणी होतं.

माझ्या डोक्यात आता लाइव्ह शो आहे. फुटाळ्याला कारंजं आहेच, दोन डॉल्फिन आणून...

गंभीर_वाचक | रात्री ९:३६

अजिबात नाही. मे २०१३ मध्ये केंद्राने परिपत्रक काढून डॉल्फिनचे खेळ करणारी केंद्रं देशात उघडायला बंदी केली. परवानगीच मिळत नाही. आणि फुटाळा गोडा तलाव आहे.

तर्रीदार | रात्री ९:४०

डॉल्फिनची मक्तेदारी मोडाले निघाले अन् पयल्याच शोमध्ये डॉल्फिन. मामा, भाचीले कळलं तं खैर नाई.

शून्यमैल | रात्री ११:५०

इतका वेळ नुसता वाचत होतो. सगळे म्हणताय नागपुरात समुद्र कुठून. आहे की. म्हणजे होता, जवळपास.

छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली म्हणून गाव आहे. नागपूरहून छिंदवाडा सव्वाशे किलोमीटर, आपण पचमढीला जाताना लागतं ते. तिथे डेक्कन ट्रॅपच्या दोन लाव्हा थरांच्या मधे गाळाचा पट्टा आहे. त्यात समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरांचे (सूक्ष्म एकपेशी जीव) जीवाश्म सापडले, संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. काळ डायनासोर संपल्यानंतर लगेचचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. संशोधकांनी अर्थ लावला की समुद्राची एक चिंचोळी जीभ तेव्हा इथवर आत आली असावी. एकीकडून लाव्हा, दुसरीकडून समुद्र, आणि मधे भविष्यातला संत्र्याचा पट्टा.

नागपुरातच टाकळीला अशाच थरात शंखांचे जीवाश्म आहेत. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० च्या दशकात ते गोळा केले होते. पण ते शंख तळ्यातल्या गोगलगायींचे, गोड्या पाण्याचे. तेव्हा शहराच्या हद्दीत खारं पाणी होतं असा दावा करू नका. प्रदर्शनवाल्यांसारखं होईल.

कंपनीच्या कार्यालयाच्या पाटीवर 'स्थापना: साडेसहा कोटी वर्षांपूर्वी' लिहायला माझी हरकत नाही. शाखा: छिंदवाडा.

तर्रीदार | मंगळवार, सकाळी ८:०५

काय माणूस हाय बे हा. एवढे दिवस कुठं होता?

हिशेबनीस | सकाळी ८:४०

आणखी एक पूर्वपीठिका जोडतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केलं. तेव्हा मत्स्यव्यवसाय खातं सुधीर मुनगंटीवारांकडे, म्हणजे चंद्रपूरकडे. समुद्राचा कारभार विदर्भातून चालू शकतो हे शासनमान्य आहे.

मालवणी_कुर्ली | सकाळी ९:१०

आणि पापलेट इथे वाडीच्या बाजारात बर्फातून येतं तेव्हा त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसारखे झालेले असतात.

पण विनोद पुरे, एक चांगलं चाललेलं मॉडेल सांगतो, गुजरातचं. व्हेल शार्क हा जगातला सगळ्यात मोठा मासा. नाव शार्क, पण खातो ते मुख्यतः गाळून घेतलेलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याला 'बॅरल' म्हणत, कारण त्याला गळाला अडकवून पिंपं बांधायचे आणि दमवून मारायचे. यकृताचं तेल होड्यांना लावायला. २००१ मध्ये तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला, पण कायद्याने कोळी ऐकतो होय? २००४ मध्ये मोहीम निघाली आणि मोरारी बापूंनी कथेतून सांगितलं, ही लेक आहे, बाळंतपणाला माहेरी येते. नाव ठेवलं 'व्हाली', लाडकी. खऱ्या आकाराचा हवेने फुगवलेला मासा गावोगाव फिरवला. त्यानंतर जाळ्यात व्हाली अडकली की लोक स्वतःचं जाळं कापून सोडायला लागले. वनखातं जाळ्याची भरपाई देतं, पण मधल्या दिवसांत धंदा बुडतो तो बुडतोच.

मी कोळ्याच्या घरातला आहे. जाळं म्हणजे काय किंमत असते ते मला माहीत आहे. आमच्या बाबांनी आयुष्यात एकदाच जाळं कापलं, कासवासाठी, आणि महिनाभर घरात कोणाशी बोलले नाहीत.

बाईंचा_वर्ग | सकाळी १०:००

कासवाचं निघालंच आहे तर. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला मी दोनदा गेले आहे. तिथे शोची वेळ कासव ठरवतं. ऑलिव्ह रिडलेची अंडी कुंपणात पुन्हा पुरून ठेवतात, वर टोपली पालथी. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलतात. पिल्लं असली तर दोरीच्या पलीकडून बघायचं. नसली तर उकडीचे मोदक खाऊन परत. पहिल्या वेळी तीन दिवसांत एकही पिल्लू नाही. आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ चिडून म्हणाले, "गॅरंटी नाही तर बोलावता कशाला?" टोपली उचलणारा मुलगा म्हणाला, "आम्ही नाही बोलावलं, काका. त्यांनी पण नाही."

आणि रोड शो हवा असेल तर: ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये ओळखपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. जवळच्या मार्गाने धरलं तरी साडेतीन हजार किलोमीटर, सगळा दक्षिण टोकाला वळसा घालून.

तर्रीदार | सकाळी १०:२२

बाई, एक कासव अंबाझरीले आणता येईल का हो? अंडी इथंच उबवू.

बाईंचा_वर्ग | सकाळी १०:३०

कासवाच्या पिल्लाचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त गरम असली की माद्या, थंड असली की नर. नागपूरच्या मेमध्ये मात्र नर नाही, मादी नाही, उकडलेली अंडी.

सीताबर्डीकर | दुपारी १२:४०

भाचीचा प्रश्न आलाय, बाईंसाठी. "ऑक्टोपसचा हात तुटला तर त्याला दुखते का? अन् मग सातच राहतात का?"

बाईंचा_वर्ग | दुपारी १:१५

तिला सांगा, दुखत असावं. तुटलेल्या जागेची तो काळजी घेताना दिसतो. पण सात राहत नाहीत, हात हळूहळू पुन्हा उगवतो. आणि गंमत म्हणजे त्याच्या चेतापेशींपैकी सुमारे दोन तृतीयांश डोक्यात नसून हातांत असतात. त्यामुळे तुटलेला हातसुद्धा बराच वेळ वळवळतो, चिमटा काढला तर मागे सरतो. हाताला निम्मं डोकं असतं म्हणा ना.

तर्रीदार | दुपारी १:२०

आमच्या साहेबाच्या हाताले अर्धं असतं तं फाइल पुढं सरकली असती.

---

सीताबर्डीकर | ऑगस्ट, रात्री ९:०५

धागा वर काढतोय. सिनेमा निघाला नाही. निर्मात्याला (म्हणजे मला) एप्रिलचं वीजबिल मेच्या बिलासकट आलं.

पण आज तान्हा पोळा झाला. बाहेरच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे पोरं लाकडी नंदी सजवून निघतात, वेगवेगळे वेष करतात, घरोघर जाऊन बोजारा घेतात. दरवर्षी वाड्यात पाच शिवाजी, चार झाशीच्या राण्या आणि एक मोबाइलचा टॉवर असतो. आमची भाची या वर्षी ऑक्टोपस.

बहिणीने जुन्या तीन लेगिंग्जचे सहा पाय कापून त्यात गादीवाल्याकडचा कापूस भरला. सहा ते आणि दोन हिचे स्वतःचे. हातांवरच्या चोषकांसाठी आजीच्या मोठ्या टिकल्यांची चार पाकिटं संपली, आजी अजून बोलत नाहीये. छातीवर पुठ्ठ्याची तीन हृदयं, एक मोठं दोन छोटी, तिन्ही निळ्या रंगाची, कारण "रक्त निळं तं हृदय लाल कसं राहील?" नंदीची दोरी तिने हातात धरली नाही, कापसाच्या एका हाताला बांधली. म्हणे तो हात स्वतः विचार करतो. त्याने काय विचार केला माहीत नाही, नंदी दोनदा नालीत गेला.

महाल भागातल्या एका आजींनी दार उघडलं, खालपासून वरपर्यंत पाहिलं.
"कोळी बनली काय वं?"
"नाई आजी. कोळ्याच्या जाळ्यात सापडते नं, ते."
"अगं बाई, मंग माशी होय!"
आणि वीस रुपये दिले. हिला माशी म्हटल्याचा राग आला, पण वीसच्या नोटेपुढे ती गिळून गेली.

मालवणी_कुर्ली | रात्री ९:१४

अरे देवा! आम्ही माशा पकडणारे कोळी! आमच्या आख्ख्या खानदानाचा उद्धार झाला. आईला फोन लावतो.

हिशेबनीस | रात्री ९:२०

बोजारा एकूण किती? खर्च वजा जाता?

सीताबर्डीकर | रात्री ९:३१

जमा २१०. खर्च टिकल्या १२०, कापूस ८०. निव्वळ नफा १० रुपये, त्याचा बर्फाचा गोळा खाल्ला. 'खारं पाणी करमणूक'चा हा पहिला आणि एकमेव नफ्यातला दिवस.

आणि हो, बडकस चौकाच्या गर्दीत एक हात गळून पडला. टाके कच्चे होते. स्कूटरवर बसल्यावर लक्षात आलं. मला वाटलं आता भोकाड पसरणार. म्हटलं, चल, परत जाऊन शोधू. तर मागून आवाज: "राहू दे मामा. मले दुसरा उगवंल. अन् तो गेला असंल त्याच्या कामानं."

बाईंचा_वर्ग | रात्री ९:४०

पूर्ण गुण.